कोल्हा नक्की कोणाचा, कुत्र्याचा की मांजराचा?

प्रश्न असाय की फॉक्सचं तोंड कुत्र्यासारखं, डोळे मांजरासारखे, मग तो कुणाच्यात मोडतो? कुत्र्याच्याच खानदानातला आहे, फक्त चुलत घराण्यातला.

पण आधी एक घोळ निस्तरू. आपण मराठीत कोल्हा म्हणतो तो फॉक्स नाहीच मुळी, तो जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. शाळेत 'फॉक्स म्हणजे कोल्हा' असं घोकून घेतात आणि सगळी गडबड तिथंच होते (द्राक्षं आंबट म्हणणारा पण मूळ गोष्टीत फॉक्सच बरं का). हा फरक का धरून बसलोय तर कोल्हा, लांडगा आणि कुत्रा हे एकदम जवळचे, तिघांची गुणसूत्रं 78, संकर झाला तर पिल्लं पण होतात. खोकडांची शाखा मात्र साधारण 1 कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. युरोपातल्या लाल खोकडाची मुख्य गुणसूत्रं फक्त 34, कुत्र्याशी जुळणार कशी?

आता कुणीतरी ब्राझीलची बातमी काढेलच, 2021 मध्ये गाडीनं उडवलेली एक मादी सापडली, ती कुत्रा आणि पाम्पास फॉक्सचा संकर निघाली. खरंय ते. पण पाम्पास फॉक्स नावालाच फॉक्स, दक्षिण अमेरिकेतली ती शाखा खोकडापेक्षा लांडग्याला जवळची.

मांजराचं म्हणाल तर दोन्ही घराणी 4-5 कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. एकीकडं कुत्रा, अस्वल, अगदी सील सुद्धा, आणि दुसरीकडं मांजर, वाघ, मुंगूस. आणि तरस! दिसतं कुत्र्यासारखं पण आहे मांजराकडचं, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पटलंच नव्हतं.

मग खोकड मांजरासारखं का वाटतं? कारण धंदा सारखा. लांडगे कळपानं पळवून पळवून मोठी शिकार दमवतात, खोकड एकटंच उंदीर, टोळ, सरडे पकडत फिरतं, तेही जास्त करून रात्रीचं, म्हणून बाहुल्या उभ्या फटीसारख्या. इंदापूरजवळ कडबनवाडीच्या माळावर मी एकदा संध्याकाळी बघितलंय, मांजरापेक्षा थोडंसंच मोठं, शेपटीचं टोक काळं. गवतात कान टवकारून थिजल्यासारखं उभं राहिलं, मग चारी पाय उचलून वर उडालं आणि पुढचे दोन्ही पंजे एकदम खाली. आमच्या घरची मनी झुरळावर अगदी अशीच पडते.