आठवत काहीच नाही, मग भीती कशाची?

"ऑपरेशन झालं तेव्हा मी चौदा महिन्यांची होते. त्यातलं मला काही आठवणं शक्यच नाही. मग दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलं की जीव का गुदमरतो?" चाळिशीतल्या एका बाईंचा प्रश्न. दाढ किडलेली, पण जाणं कायम पुढे ढकललेलं. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

घडलेला प्रसंग शब्दांत सांगता येईल अशी आठवण साधारण तीन वर्षांआधीची उरत नाही, हे खरं. भीती मात्र शरीर त्याच्या बरंच आधी शिकतं. 'बाळांना काय कळतंय' या समजुतीपायी 1980च्या दशकापर्यंत नवजात बाळांची ऑपरेशनं कित्येकदा अगदी कमी भूल देऊन होत. 1987 साली डॉ. कंवलजीत आनंद यांचं नवजात बाळांच्या वेदनेवरचं संशोधन आलं आणि ती समजूत डळमळली. तरीही या बाईंची भीती त्या ऑपरेशनमुळेच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. उपचाराला त्याची गरजही नसते. संमोहनानं 'दडलेली आठवण' बाहेर काढायला जाऊ नये. त्यातून न घडलेलंही खरं वाटू लागतं. आईला विचारा, जुने कागद पाहा, तेवढं पुरे.

आईनं सांगितलं की सलाईन उपसू नये म्हणून हाताला फळी बांधली होती. मग भीती कशाकशानं उसळते, याची यादी केली. सुई खालच्या क्रमांकावर निघाली! वर होतं उताणं झोपवणं, मनगट धरणं, तोंडावर प्रखर दिवा. नुसती 'सुईची भीती' समजून उपचार केले असते तर ते फसले असते.

प्रत्येक गोष्टीला भीतीचे 0 ते 100 गुण देऊन 30 गुणांच्या आसपासच्या गोष्टीपासून सुरुवात केली. आधी सरळ खुर्चीत नुसतं बसणं, मग पाठ थोडी कलती, मग तोंडात फक्त आरसा. भीती शिगेला असताना उठायचं नाही. उठलं की 'पळालो म्हणून वाचलो' हेच पक्कं होतं. थांबायचंच असेल तर हात वर करायचा, आणि डॉक्टरांनी लगेच थांबायचं. ही खूण दुखत नसतानाच दोन-तीनदा वापरून पाहावी, नाहीतर ऐनवेळी तिच्यावर भरवसा बसत नाही. हात कुणीही धरायचा नाही, धीर द्यायलासुद्धा.

रक्त पाहून चक्कर येणाऱ्यांचं मात्र वेगळं. त्यांचा रक्तदाब घसरतो, त्यामुळे अंग सैल सोडणं उलट अंगाशी येतं. हात, पाय, पोट 10-15 सेकंद आवळायचं, 20-30 सेकंद सोडायचं, असं पाच वेळा.