भुसावळच्या उन्हात वॉटर कूलिंग
प्रश्न : भाऊ, मी भुसावळचा, मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो, पीसीला पहिल्यांदाच वॉटर कूलिंग करायचंय, कस्टम लूप (सुटे पार्ट आणि नळ्या स्वतः जोडून) करू का, आरओचं पाणी चालेल का?

उत्तर : आधी हे लक्षात घ्या, रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग) पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, खोली ४० ला असली तर पाणी त्याच्याही वरच राहणार. पहिल्यांदाच करताय तर तयार एआयओ (पंप, नळ्या, रेडिएटर जोडूनच येणारा बंद कूलर) घ्या, ३६० मिमी रेडिएटरचा बसत असेल तर उत्तमच, पण कॅबिनेट आधी मोजा. लूपच करायचा असेल तर आरओ नको, त्यात क्षार उरतातच, तयार कूलंट (लूपसाठीचं खास द्रव) भरा, तांब्याच्या ब्लॉकसोबत (प्रोसेसरवर बसणारा, ज्यातून पाणी फिरतं तो भाग) अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर अजिबात नको, तो आतून खराब होतो, आणि फक्त पंप चालवून २४ तास गळती बघा, मगच बाकी पार्टना वीज द्या.