खळ लावलेलं सूत आणि मेंदू

वडिलांचं पत्र (थोडक्यात): "इचलकरंजीत आमचे आठ यंत्रमाग आहेत. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. दहावीला ९३ टक्के होते. मी नीट दे म्हणतोय. ती म्हणते, डॉक्टर व्हायचं नाही, मेंदूत बसवायच्या वस्तू बनवायच्यात. त्यासाठी न्यूरोसायन्स, बायोमेडिकल आणि मटेरियल सायन्स असं तिन्ही शिकायचं म्हणते. एका खासगी विद्यापीठाचा माणूस घरी येऊन गेला. त्यांच्याकडे या तिन्हींचं मिळून एक बी.टेक. आहे म्हणे, वर्षाला साडेचार लाख फी, महिनाअखेरपर्यंत सीट बुक करा म्हणतोय. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही, त्यामुळे यातलं आम्हाला काही कळत नाही. तीन विषय एकदम कसे शिकणार? आणि यात पोट भरतं का?"

स. न. वि. वि.

आधी पैशांचं सांगते, कारण महिनाअखेर जवळ आलीय. सीट बुक करू नका. का ते पुढे येईलच.

आता तुमच्या एका वाक्याबद्दल. "यातलं आम्हाला काही कळत नाही" हे मला अजिबात पटलेलं नाही. तुमच्या मुलीला जे करायचंय त्यातला सगळ्यात अवघड भाग तुम्ही रोज डोळ्यांसमोर बघता.

माझी मावशी तुमच्याच गावची. लहानपणी सुट्टीत गेलं की काका एखाद्या दिवशी सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावतात त्या कारखान्यात, घेऊन जायचे. गरम खळीचा तो आंबूस वास, वाफेवर तापलेले मोठाले सिलिंडर आणि त्यांच्यावरून ओल्याचं कोरडं होत जाणारं सूत. काका एक धागा आधीचा आणि एक नंतरचा हातात द्यायचे. आधीचा मऊ, तंतू सुटलेला. नंतरचा तारेसारखा ताठ. मी विचारलं होतं, कापड असं कडक होणार का? ते म्हणाले, "छे गं, मागावर तग धरावा एवढ्यापुरतंच. पुढं प्रोसेसला खळ धुऊन जाते."

हे लक्षात ठेवा आणि आता मेंदूकडे या.

जिवंत मेंदू किती मऊ असतो याची आपल्याला कल्पना नसते. चित्रात तो अक्रोडासारखा टणक दिसतो. प्रत्यक्षात तो खरवसासारखा, बोट लावलं तर दबेल असा असतो. लकवा झालेल्या माणसाच्या मनात हात हलवायचा विचार आला की मेंदूतल्या पेशींमध्ये विजेच्या बारीक लहरी उठतात. त्या टिपायच्या तर आत तार घालावी लागते. वर्षानुवर्षं त्यासाठी सिलिकॉनच्या सुया वापरल्या गेल्या. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात तयार झालेली, म्हणून 'यूटा अॅरे' म्हणतात ती वस्तू साधारण ४ मिलिमीटर लांब-रुंद चौकोन आहे आणि तिच्यावर शंभर सुया आहेत. लकवा झालेल्या माणसांनी तिच्या आधाराने संगणकाचा कर्सर हलवला, यांत्रिक हाताने कॉफीची बाटली तोंडाला लावली. काम मोठंच आहे. पण सिलिकॉन हे मेंदूपेक्षा काही कोटी पटींनी ताठ असतं. मेंदू श्वासागणिक, नाडीगणिक किंचित हलतो आणि सुई हलत नाही. मग आजूबाजूच्या पेशी त्या सुईला परकी समजून तिच्याभोवती वण तयार करतात, पायात काटा राहिला की कातडी जाड होते तसं. हळूहळू सुईला काही ऐकू येईनासं होतं.

मग सुई मऊ करा! जगभरच्या प्रयोगशाळांत तेच चाललंय. पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या, केसाहून बारीक धागे. जाडी निम्मी केली की पट्टीचा ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे बारीक करण्याचा फायदा मोठा. पण आता उलटी पंचाईत होते. एवढा मऊ धागा मेंदूत घुसेल कसा? तो टोकाशीच वाकतो.

यावर संशोधकांनी काय केलं, ऐका. त्यांनी धाग्याला खळ लावली. कुणी रेशमातलं प्रथिन वापरलं, कुणी साखरेसारखे पदार्थ, कुणी पीव्हीए, कुणी सीएमसी ही पाण्यात विरघळणारी रसायनं. धागा ताठ होतो, आत शिरतो, मग लेप विरघळून जातो आणि मऊ धागा तेवढा मागे उरतो. पीव्हीए आणि सीएमसी ही नावं तुमच्या सायझिंगवाल्याला विचारा, त्यांची पोती त्याच्याकडे सापडतील. दुसरी युक्ती म्हणजे मऊ धागा एका कडक वाहकावर चढवून आत न्यायचा आणि वाहक बाहेर काढून घ्यायचा. त्या वाहकाला इंग्रजीत 'शटल' म्हणतात. म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा तुमचा धोटाच.

इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने तर धागे शिवणारं यंत्रच बनवलं. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसाच्या मेंदूत त्यांनी ६४ धागे बसवले, त्यांच्यावर मिळून १,०२४ इलेक्ट्रोड, म्हणजे लहरी टिपणारे बिंदू. काही आठवड्यांत त्यातले बरेच धागे मागे सरकले आणि मिळणारे संकेत कमी झाले. कंपनीने त्याच वर्षी मे महिन्यात तसं जाहीर केलं, पुढे सॉफ्टवेअरमध्ये बदल करून बरंचसं सावरलं. एवढा पैसा, एवढी हुशार माणसं आणि अडलं कुठे, तर धागा जागेवर राहीना तिथे. ताण, पकड, घर्षण, ओलावा. माग दुरुस्त करणाऱ्या तुमच्या जॉबरला हे चारही शब्द पाठ असतील.

एवढं लांबण लावलं कारण "तीन विषय एकदम कसे शिकणार" याचं उत्तर यातच आहे. शिकत नाहीत. कुणीच शिकत नाही. प्रश्न एक असतो, त्याच्याभोवती तीन-चार जातीची माणसं बसतात आणि त्यातलं प्रत्येक जण एका गोष्टीत पक्कं असतं. स्वित्झर्लंडमध्ये २०१५ साली पाठीच्या कण्यावर पांघरता येईल अशी सिलिकोन रबराची (सुयांच्या सिलिकॉनहून हे वेगळं, मऊ) लवचिक पट्टी तयार झाली, पांगळ्या उंदरांना तिच्यामुळे चालता आलं. त्यामागे स्तेफानी लाकूर या लवचिक इलेक्ट्रॉनिक्समधल्या आणि ग्रेगुआर कुर्तीन हे मज्जासंस्थेचे अभ्यासक. दोघांनी एकमेकांचं काम केलं नाही, एकमेकांची भाषा मात्र शिकून घेतली. २०२३ मध्ये स्वीडनच्या लोकांनी आणखी पुढची उडी मारली: शरीरात एक जेल टोचायची आणि शरीरातल्याच साखरेच्या मदतीने तिचं आत वीजवाहक मऊ पदार्थात रूपांतर करायचं. झेब्रा माशांच्या मेंदूत हे जमलं. माणसापर्यंत यायला अजून बराच अवकाश आहे, पण बाहेरून तार घालायचीच गरज पडू नये ही कल्पना मला फार आवडली. तिचा पाया शुद्ध रसायनशास्त्राचा आहे. वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकला २००० सालीच नोबेल मिळालेलं आहे, तेव्हा मेंदूचं नावही त्यात नव्हतं.

म्हणून त्या साडेचार लाखांच्या पदवीबद्दल मी साशंक आहे. नावात तिन्ही शब्द आहेत. पण चार वर्षांत तिन्ही शिकवायचं म्हणजे तिन्हींची तोंडओळख. त्या गृहस्थांना तीन प्रश्न विचारा: धातू किंवा पॉलिमर ओढून तोडून बघायचं यंत्र तुमच्या प्रयोगशाळेत आहे का आणि विद्यार्थ्यांना हात लावू देता का? एम.टेक.च्या प्रवेशासाठी असते त्या गेट परीक्षेच्या कुठल्या पेपरला तुमची मुलं बसतात? मागच्या बॅचची मुलं सध्या कुठे आहेत, दोघांशी बोलणं करून द्याल का? उत्तराऐवजी चकचकीत माहितीपत्रक पुढे आलं तर चहा पाजून निरोप द्या.

मग करायचं काय? माझा कल स्पष्ट सांगते. आधी मटेरियल (म्हणजे पदार्थांचं शास्त्र) किंवा रसायन किंवा भौतिक पक्कं करावं, मेंदू नंतर शिकावा. उलट्या बाजूने येणारेही असतात, पण त्यांना गणित फार छळतं. यात माझी एक चूक आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मुलीला मी म्हटलं होतं, "जीवशास्त्रच करायचंय ना, मग गणित सोड." पुढे ती मेंदूच्या लहरींवर काम करायला लागली आणि एम.एस्सी.नंतर तिला बारावीचं गणित पुन्हा उघडून बसावं लागलं. अजून भेटली की चिडवते मला. तुमच्या मुलीने दोन्ही ठेवलंय, ते तसंच राहू द्या.

तिच्यासाठी मला सगळ्यात साजेशी वाटते ती आयसर ही केंद्राची विज्ञानसंस्था, पुण्याचं किंवा उरलेल्या सहांपैकी कुठलंही. पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम, सुरुवातीला सगळ्यांना सगळं शिकावं लागतं आणि निवड नंतर. प्रवेश आता फक्त त्यांच्या आयएटी परीक्षेतून होतो. तिच्यात भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. चारही विषय घेतलेल्या मुलीला हे सोयीचं. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञानाला गेली तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपये देते, त्यातले २०,००० संशोधन प्रकल्पासाठी.

इंजिनीअरिंगच हवं असेल तर पुण्याच्या सीओईपीला किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीला मेटलर्जी (धातुशास्त्र) आणि मटेरियल. लोक या शाखेला नाक मुरडतात, कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून घेतात. तिने ती आपणहून पहिल्या पसंतीला टाकावी. पुढे एम.टेक.ला बायोमेडिकलकडे वळता येतं. गेटला २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी हे वैद्यकीय महाविद्यालय (खळीतलं सीएमसी नव्हे) आणि तिरुअनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संशोधन संस्था या तिघांचं मिळून क्लिनिकल इंजिनीअरिंगचं एम.टेक. आहे, तेही बघून ठेवा.

आणि हसू नका, तुमच्या गावातच डीकेटीई कॉलेज आहे. टेक्स्टाइल. छातीतली मुख्य रक्तवाहिनी फुगली की तिच्या जागी आजही पॉलिस्टरची विणलेली नळी बसवतात. ती सुरू झाली १९५०च्या दशकात. ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डिबेकी दुकानात नायलॉन आणायला गेले, नायलॉन संपलं होतं म्हणून डेक्रॉन, म्हणजे पॉलिस्टरच, घेऊन आले आणि घरच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. शिवणकाम त्यांना आईने शिकवलेलं. तुटलेल्या नसा जोडायला आता बारीक तंतूंच्या नळ्या बनवतात, तेही या शास्त्राच्या जवळचंच काम.

नीटचं म्हणाल तर डॉक्टर होण्यात गैर काहीच नाही, या कामात सर्जन लागतोच. श्री चित्राचे वलियाथन सर्जनच होते. त्यांच्या हाताखाली बनलेल्या भारतीय हृदयझडपेचे पहिले तीन नमुने मटेरियलपायी फसले. एकात तर नीलमण्याची चकती होती. शेवटी चौथ्यात साध्या वाटणाऱ्या पॉलिथिलीनच्या जातीतली चकती टिकली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्या रुग्णाला बसली. पण मुलगी "नाही" म्हणत असताना नीटला बसवलेल्या मुलांचं दुसरं वर्ष, तिसरं वर्ष कसं जातं ते मी या खुर्चीतून फार बघितलंय.

पोटाचं. हा रस्ता लांब आहे. पीएच.डी. होईपर्यंत ती अठ्ठावीस-तिशीची होईल, आणि लग्नाचा विषय घरात त्याआधी निघेल हे मला ठाऊक आहे. तो निघाला की काय उत्तर द्यायचं ते आत्ताच दोघांनी ठरवून ठेवा. पीएच.डी.च्या काळात ती तुमच्यावर अवलंबून नसते. केंद्राची फेलोशिप २०२३च्या जानेवारीपासून महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. पैसे कधीकधी उशिरा पडतात, तेवढी सोय हाताशी ठेवावी. त्यानंतर? मेंदूत बसवायच्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्या भारतात अगदी थोड्या. पण स्टेंट, कॅथेटर, सांधे, टाक्यांचे धागे बनवणाऱ्या बऱ्याच आहेत, आणि मटेरियल पक्कं असलेलं माणूस तिथे चालतं. तेही नाही जमलं तर पुण्याच्या वाहन कारखान्यांना मेटलर्जीवाले लागतातच. नावात तिन्ही शब्द असलेल्या पदवीवाल्याला ते विचारणार नाहीत.

आता शेवटचं मुलीसाठी, तिला वाचायला द्या.

तुला हे खरंच आवडतं की नुसतं ऐकून आवडलंय, ते एका रविवारी कळेल. किराणा दुकानातून चायना ग्रास आण. एक लिटर पाण्यात साधारण सहा ग्रॅम उकळून वाटीत गार होऊ दे. प्रयोगशाळेतही मेंदूऐवजी जवळपास असंच जेल वापरतात. आता त्यात आधी सुई खुपस, मग शिवणाचा नुसता दोरा खुपसून बघ. तो वाकेल. मग दोऱ्याला साखरेच्या पाकाचा हात दे, सरळ ताणून वाळव आणि पुन्हा प्रयत्न कर. किती खोल गेला, किती वेळात मऊ पडला, वाटी हळूच हलवल्यावर सुईभोवतीचं जेल फाटतं का आणि दोऱ्याभोवतीचं फाटतं का, सगळं वहीत लिही. बाबांना जवळ बसव, खळीतलं त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. पुढचं पत्र तू लिही, आणि पाक एकतारी घेतला होतास की दोनतारी, तेही त्यात असू दे.