पुढचा नंबर कुणाचा?

«ताई, आमची टेक कंपनी दोन वर्षं तोट्यात आहे. कपातीच्या दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही वेळा 'ही शेवटचीच' म्हणाले. आता साहेब बोलायला लागले की आम्ही ग्रुपवर त्यांची टर उडवतो, पुढचा नंबर कुणाचा यावर पैजा लावतो. रात्री मात्र झोप नाही. परवा एका नव्या मुलीनं काम शिकवाल का विचारलं. मी म्हणालो, 'कशाला? दोघंही जाणारच आहोत.' राजीनामा देऊन मोकळा होऊ का?
– वैतागलेला इंजिनिअर»

'शेवटची'वर तुमचा विश्वास नाही, तो नसावाच. मेटानं नोव्हेंबर २०२२मध्ये ११,००० लोक काढले आणि चारच महिन्यांत आणखी १०,००० जणांची कपात जाहीर केली. ती कंपनी तर नफ्यात होती.

झोपेचंही नवल नाही. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासात एका खात्याच्या खासगीकरणाची नुसती चाहूल लागली, तेव्हाच तिथल्या लोकांच्या तब्येतीच्या तक्रारी वाढल्या. नोकऱ्या अजून शाबूत होत्या!

पण पैजांचं मला पटत नाही. टर उडवा, साहेबलोक त्याच लायकीचे असतात कधीकधी. पैज लावताना मात्र आपल्याला आतलं कळतंय असं वाटतं, आणि कळत काहीच नसतं. यादी बऱ्याचदा वर, प्रोजेक्ट आणि पगाराचा खर्च बघून ठरते. तुमच्या मॅनेजरलाही ती शेवटच्या क्षणी मिळू शकते. त्याचा चेहरा वाचून हाती काय लागणार? शिवाय रोज तेच चघळल्यावर रात्री डोकं दुसरं काय करेल? ग्रुप म्यूट करा.

त्या मुलीला मात्र शिकवा. कंपनीवरचा राग तिच्यावर निघाला, हे तुम्हालाही टोचलंय, म्हणून तर पत्रात लिहिलंत. उद्या दोघं वेगवेगळ्या कंपन्यांत असाल, तेव्हा कुठे जागा निघाली तर तीच तुमचं नाव सुचवेल.

गूगलनं जानेवारी २०२३मध्ये १२,००० जणांची कपात केली, तेव्हा अनेकांना लॉगिन चालेना म्हणून कळलं. तेव्हा नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं आत्ताच स्वतःकडे ठेवा. कंपनीचा कोड किंवा क्लायंटची फाइल चुकूनही नको, नाहीतर जाताना वेगळंच प्रकरण गळ्यात पडेल. नोटीस किती, विमा कधी संपतो, शेअर्स कधी हातात येतात, तेही बघून घ्या. मग घरच्यांसोबत बसून पगाराविना किती महिने निघतील याचा हिशेब मांडा. आकडा छोटा निघाला तरी चालेल. अंधारात तो नेहमी असतो त्याहून भयंकर वाटतो.

राजीनामा मात्र आज नको. स्वतःहून गेलात तर कपातीत मिळणाऱ्या भरपाईवर बहुधा पाणी सोडावं लागतं. दुसरीकडची ऑफर लेखी हातात पडली, की खुशाल द्या. आणि त्याआधीच त्यांनी बोलावून कागद पुढे केला, तर त्याच बैठकीत सही करू नका. घरी न्या, जाणकार वकिलाला दाखवा.