रेषेवर उभा राहा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. बैलगाडा शर्यतीच्या अंतिम फेरीत दोन गाड्या जोडीने आल्या, तू दुसऱ्या तासाचे, म्हणजे दुसऱ्या धावपट्टीतल्या गाडीचे नाव पुकारलेस, त्या गाडीच्या मालकाच्या माणसांनी गुलाल उधळला, आणि थोड्या वेळाने पंचांनी चित्रीकरण पाहून निकाल चौथ्या तासाला दिला. मग लोकांनी तुला मंचावरून खाली उतरवले, हे वाचून वाईट वाटले. परंतु पुढे तू विचारतोस की आवाज कमी पडतो का, शब्द जुने वाटतात का, की हे निवेदनाचे कामच सोडून द्यावे. तेव्हा मात्र मला राग आला. चूक डोळ्याची आणि तू औषध मागतोस घशाला!

तू पाठवलेली चित्रफीत मी चार वेळा पाहिली. तुझा माइक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होता आणि ती ट्रॉली निकालाच्या रेषेच्या पंधरा-वीस फूट अलीकडे उभी होती, कारण पाहुण्यांच्या खुर्च्या तिथे मांडल्या होत्या. रेषेच्या अलीकडून तिरके पाहणाऱ्याला जवळच्या तासातली गाडी नेहमी पुढे दिसते. दोन्ही बैलांची तोंडे एकाच वेळी रेषेला लागली तरीही दिसते. दुसरा तास तुझ्या बाजूचा, चौथा पलीकडचा, आणि मध्ये तिसऱ्या गाडीचा फुफाटा. तुला जे दिसले ते तिथून कोणालाही तसेच दिसले असते. म्हणून मंच बांधायच्या आधी मैदानात जा, चुन्याच्या रेषेवर टाच ठेव आणि माइक इथेच पाहिजे असे कमिटीला सांग. त्यांनी ऐकले नाही, तर शेवटच्या पन्नास फुटांत तोंड बंद ठेव आणि निकालासाठी पंचांचा हात वर होईपर्यंत थांब. दिसले तेवढेच बोलायचे. माझ्याकडे शिकवायला एवढे एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

लोकांना वाटते की निवेदक म्हणजे शब्दांचा फुलोरा. गट पुकारताना, चिठ्ठीत निघालेले तास वाचताना, मालकाचे आणि गावाचे नाव घेताना, बैल आदत (अजून पक्के दात न आलेला) आहे की दुसा (दोन दाती) ते सांगताना हवा तेवढा फुलोरा कर. खिल्लार जातीच्या बैलाच्या शिंगांवर आणि कातडीवर मी स्वतः दहा-दहा मिनिटे बोललो आहे. मात्र झेंडा पडला की वर्णन संपले आणि साक्ष सुरू झाली. कोण सुटला, कोणी तास सोडला, कोण पुढे आहे, आणि कोण पुढे आहे हे कळत नसेल तर ‘कळत नाही’. हा शेवटचा शब्द मी भर मैदानात माइकवर उच्चारला आहे आणि लोक हसले आहेत. हसू देत.

आता जे मी कोणाला लिहिले नव्हते, ते लिहितो. शर्यतींवर बंदी आली त्याच्या आधीची गोष्ट आहे. एका मैदानात अंतिम फेरीची गाडी माझ्यापासून आठ हातांवरून गेली आणि छकड्यावरच्या ड्रायव्हरच्या मुठीत टोकाला खिळा ठोकलेली आखूड काठी मला स्वच्छ दिसली. उजव्या बैलाच्या पुठ्ठ्यावरून रक्ताचा बारीक ओघळ खुरापर्यंत आला होता आणि पांढऱ्या कातडीवर तो लपतही नव्हता. मी माइकवर म्हणालो, ‘वाऱ्यालाही मागे टाकणारी जोडी!’ त्या एका वाक्याने मला पुढची तीन वर्षे सुपाऱ्या मिळवून दिल्या.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि मैदाने बंद झाली. मी इतरांसारखाच संतापलो. खोंड पोटच्या पोरासारखा वाढवणारा शेतकरी क्रूर कसा, शर्यत नसेल तर माणदेशातला खिल्लार कोण पाळणार, बाजारात खोंडाला गिऱ्हाईक कुठून येणार, हे मी चावडीवर तावातावाने मांडत होतो आणि आजही त्यातला शब्दन् शब्द मला खरा वाटतो. शिवाय ती काठी पंचांनीही पाहिली होती, कमिटीनेही पाहिली होती. एकट्या निवेदकाने काय करायचे होते? पण बाकीच्यांच्या हातात माइक नव्हता. ती सात वर्षे मी कुस्तीची आणि कबड्डीची मैदाने पुकारून, लग्नात अक्षतांच्या वेळी मंगलाष्टका म्हणून काढली. तो ओघळ मात्र डोळ्यांसमोरून गेला नाही.

16 डिसेंबर 2021 रोजी परवानगी मिळाली, 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला आणि आपल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. ही परवानगी अटींवर आहे: जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, 1000 मीटरच्या आतले अंतर, काठी, चाबूक आणि विजेचा झटका यांना पूर्ण मनाई. पहिला गट सुटण्यापूर्वी हे नियम मी स्वतः वाचून दाखवतो, आणि काठी दिसली तर तासाचा क्रमांक घेऊन माइकवर सांगतो. गेल्या हंगामात दोन कमिट्यांनी मला त्यामुळेच बोलावले नाही, असे मला वाटते. माझे वय झाले असे त्या म्हणतात. तुलाही असे अनुभव येतील. त्याबद्दल मला पत्र पाठवू नकोस.

पैशाचेही तू विचारले आहेस. मालक खिशात पाचशेची नोट घालतो आणि बैलाचे नाव चार वेळा घ्यायला सांगतो. मी नोट घेतो. घर मलाही चालवायचे असते. परंतु ती कोणी दिली हे लगेच माइकवर सांगतो आणि शर्यत चालू असताना ते नाव इतरांपेक्षा एकदाही जास्त घेत नाही. बाकी ध्वनिवर्धक कोणत्या कंपनीचा घ्यावा, मोबाइलवर किती लोक तुला पाहतात, हे प्रश्न मी वाचले नाहीत असे समज.

काम सोडायचे की नाही हे तुझे तू ठरव. तुझा आवाज माझ्या तरुणपणच्या आवाजापेक्षा चांगला आहे, हे मला कबूल करावेच लागते. पण त्याआधी एक काम कर. चौथ्या तासाच्या त्या मालकाच्या गोठ्यावर जाऊन ये. निकाल बदलल्यावर तू गोंधळून थेट बक्षीस समारंभ पुकारलास. त्याच्या बैलांची नावे चित्रफितीत शेवटपर्यंत कुठेही ऐकू येत नाहीत. ती विचारून घे आणि पुढचे मैदान मिळेल तिथे, पहिला गट पुकारण्याआधी, मागच्या मैदानाचा निकाल म्हणून ती वाच.

तुझा,
नाना