वरण बंद करायचे की गोळ्या सुरू करायच्या?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. माझे मामंजी ७१ वर्षांचे आहेत. मागच्या दिवाळीपासून त्यांना विसर पडू लागला आहे. विहिरीवरची मोटार बंद केली की नाही, हे ते रात्री जेवताना चारदा विचारतात. परवा कोठ्याची किल्ली तुरीच्या डाळीच्या डब्यात सापडली. डाळ, दूध, शेंगदाणे यांतल्या ट्रिप्टोफॅनपासून मेंदूला घातक द्रव्ये तयार होतात, असे माझ्या दिरांनी मोबाइलवर वाचले आणि मामंजींचे वरण बंद करायला सांगितले. उलट नागपूरचे एक नातेवाईक त्यांच्यासाठी ट्रिप्टोफॅनच्याच गोळ्या घेऊन आले आहेत. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही ऐकू नका. वरण चालू राहू द्या आणि गोळ्यांची बाटली उघडू नका.

तुमच्या दिरांनी वाचलेले पूर्णपणे खोटे नाही, म्हणून ते नीट समजून घेतले पाहिजे. ट्रिप्टोफॅन हे प्रथिनांमधले एक अमिनो आम्ल आहे. शरीराला ते स्वतः बनवता येत नाही, अन्नातूनच मिळवावे लागते. प्रथिने बांधण्याचे काम भागल्यावर जे ट्रिप्टोफॅन मोडले जाते, त्यातला सुमारे ९५ टक्के भाग कायन्युरेनिन नावाच्या द्रव्याच्या वाटेने जातो. ज्या सेरोटोनिनचा एवढा गाजावाजा होतो, त्याच्या वाट्याला जेमतेम एक-दोन टक्के येतात. विहीर एकच असली तरी दांड कुणीकडे फोडला यावर कोणत्या वाफ्याचे ओलीत होणार हे ठरते, तसाच हा प्रकार आहे.

कायन्युरेनिन रक्तातून मेंदूत शिरू शकते आणि तिथे त्याला दोन फाटे फुटतात. मेंदूतल्या ताराकृती आधारपेशी त्याचे कायन्युरेनिक आम्ल करतात, जे चेतापेशींवरचे ग्राही, म्हणजे संदेश पकडणारे रेणू, अडवून त्यांची उत्तेजना आवरते. मायक्रोग्लिया नावाच्या पहारेकरी पेशी मात्र त्यापासून क्विनोलिनिक आम्ल बनवतात. ते चेतापेशींवरच्या त्याच ग्राहींना सतत डिवचते. असे फार काळ चालले की पेशीत कॅल्शियम बेसुमार शिरते आणि ती मरते. १९८३ साली रॉबर्ट श्वार्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आम्ल उंदरांच्या मेंदूत टोचले, तेव्हा हंटिंग्टन या मेंदू झिजवणाऱ्या आनुवंशिक रोगात दिसते तशी हानी आढळली. पण ते थेट मेंदूत टोचले होते, हे मोबाइलवरच्या मजकुरात बहुधा गाळलेले असते. वाटीभर वरणाने तसे होत नाही.

खरा प्रश्न दांड कोण फोडतो हा आहे, आणि त्याचे मुख्य उत्तर दाह, म्हणजे संसर्गाला किंवा इजेला शरीराने दिलेली सुजेसारखी प्रतिक्रिया, हे आहे. जुनाट संसर्गात किंवा दीर्घकाळ चाललेल्या दाहात प्रतिकारशक्तीचे संदेश आयडीओ नावाच्या विकराला (शरीरातली रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला) जागे करतात आणि ट्रिप्टोफॅन या वाटेने अधिक वेगाने मोडू लागते. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत हे विकर आणि क्विनोलिनिक आम्ल वाढलेले आढळले आहे; मात्र ते रोगाचे कारण आहे की परिणाम, याचा निवाडा झालेला नाही. २०२४ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हे विकर रोखून उंदरांची स्मरणशक्ती सुधारल्याचे दाखवले. आशा वाटावी असे काम आहे, पण उंदरांवरचे.

आणि ही वाट मुळात वाईट नाही. तिच्याच शेवटी, सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे एक मिलिग्रॅम या हिशेबाने, नायसिन हे जीवनसत्त्व मिळते. ते कमी पडले की पेलाग्रा होतो: उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट, खडबडीत चट्टे उठतात, हगवण लागते आणि पुढे बुद्धिभ्रंश होतो. आपल्या ज्वारीचे नाव या रोगाशी जोडले गेले ते १९६० साली. केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या दख्खनमधल्या गरिबांत हा रोग का दिसतो, याचा शोध घेताना हैदराबादचे गोपालन आणि श्रीकांतिया यांनी ज्वारीतल्या जादा ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवले. ल्युसिनवरून पुढे मतभेद झाले. भाकरीसोबत वरण किंवा चून असावे, याबद्दल मात्र दुमत नाही. तेव्हा डाळ तोडून तुम्ही मामंजींना नको त्या दिशेला न्याल.

गोळ्यांबद्दल सांगायचे तर, १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्या दीड हजारांहून अधिक लोकांना तीव्र स्नायुदुखीचा आजार जडला आणि तीसहून अधिक दगावले. मुख्य दोष एका उत्पादकाच्या मालातल्या अशुद्धीचा निघाला. शिवाय नैराश्यावरची औषधे चालू असतील, तर या गोळ्यांनी सेरोटोनिन धोकादायक प्रमाणात वाढू शकते.

मामंजींचा वावरापर्यंतचा फेरा बंद करू नका, सोबत कुणी तरी जावे एवढेच. कमावलेले स्नायू कायन्युरेनिनचे कायन्युरेनिक आम्ल करून टाकतात आणि ते रक्तातून मेंदूत सहसा शिरत नाही, म्हणजे मेंदूकडे जाणारे कायन्युरेनिनच कमी होते, असे २०१४ साली स्वीडनमध्ये उंदरांवर दिसले आहे. सर्वांत आधी मात्र त्यांना दवाखान्यात न्या. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, ऐकू कमी येणे, चालू औषधांचा परिणाम यांमुळेही असा विसर पडतो आणि यांतल्या बहुतेकांवर इलाज आहे. जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत घाला, ती नवी बाटलीसुद्धा.

प्रश्न : मला क्षयरोगाच्या औषधांसोबत बी-६ची गोळी दिली आहे. ती खरेच गरजेची आहे का?

उत्तर : होय. आयसोनियाझिड हे क्षयरोगावरचे औषध शरीरातल्या बी-६च्या कामात अडथळा आणते, त्यामुळे हातापायांना मुंग्या येऊन बधिरता येऊ शकते. वर सांगितलेल्या, ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनवणाऱ्या वाटेवरच्या विकरांनाही हेच जीवनसत्त्व लागते, म्हणून अशक्त रुग्णांत या औषधाने क्वचित पेलाग्राही होतो. गोळी चुकवू नका, आणि मानेवर किंवा हातांवर काळपट चट्टे दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.