आत्याला पडवीत बसव

वेंगुर्ला,
नागपंचमीनंतरचा रविवार

प्रिय मुली,

तुझं पाकीट बुधवारी मिळालं. एक कोपरा पावसाने भिजला होता, आतली चित्रं शाबूत आहेत. अकराही चित्रं मी माजघरात जमिनीवर ओळीने मांडली आणि दोन दिवस उचललीच नाहीत. जाता-येता बघत होते. आठ नकला आणि तीन व्यक्तिचित्रं. नकला चांगल्या आहेत, दोन तर फारच चांगल्या. व्यक्तिचित्रांविषयी मात्र सविस्तर बोलायला हवं, आणि ते फोनवर नीट होणार नाही म्हणून लिहायला बसले.

तुझ्या तिन्ही माणसांचे डोळे एकच आहेत. आत्याचे, शेजारच्या मुलाचे आणि मासळी बाजारातल्या आजींचे. वरच्या पापणीची तीच कमान, कोपऱ्यात तीच निमुळती होत गेलेली रेघ. ते कुठून आले हेही मला कळलं. लहानपणापासून तू मामाच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, डोळ्यांची आखणी बघत आलीस आणि आता स्वतः करतेस. चतुर्थी तोंडावर आलेली असताना रात्र-रात्र बसून एकामागून एक मूर्तीला तोच शांत, प्रसन्न डोळा द्यायचा, ही साधी गोष्ट नाही. तो हात तुला मिळालाय, तो जप. पण आत्याच्या चेहऱ्यावर तोच हात फिरला आणि आत्या कागदावर आलीच नाही.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण माझ्या हातून हेच झालं होतं. आमच्या देवखोलीत रविवर्म्याच्या छापखान्यातली सरस्वती होती. शाळा सुटल्यावर तीन वर्षं मी तिची नक्कल केली. चौकोन आखून, एकेक चौकोन मोजून. शेवटी शेवटी चौकोनांची गरज उरली नव्हती. मग ओळखीतल्या एका घराने त्यांच्या वारलेल्या आजोबांचं चित्र करायला सांगितलं, स्टुडिओतल्या जुन्या फोटोवरून. मी महिनाभर खपले. चित्र नेऊन दिलं तेव्हा त्यांची थोरली लेक बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सुरेख झालंय गं, पण हे आमचे आबा नव्हेत." पैसे त्यांनी पुरे दिले. चित्र त्या घराच्या भिंतीवर कधीच लागलं नाही. घरी येऊन मी फोटो पुन्हा समोर धरला. आबांची डावी पापणी जरा उतरलेली होती, त्यामुळे तो डोळा लहान दिसायचा. फोटोत ते स्वच्छ दिसत होतं. मी ती पापणी वर उचलून दुसरीसारखी केली होती. सरस्वतीचा डोळा आबांना लावला होता. त्या लेकीला आपल्या वडिलांच्या चेहऱ्यात नेमकी तीच पापणी हवी होती.

म्हणून नकला बंद कर, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे कला अशीच हातातून हातात गेली आहे. पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या, पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जुन्यावरून नव्या केल्या म्हणून त्या आज बघायला मिळतात. सावंतवाडीत दशावतारी गंजिफ्याची, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची, १२० पानं रंगवणारा चितारी तोच आकार पुन्हा-पुन्हा काढूनच शिकतो, कारण खेळणाऱ्याला पान बघताक्षणी ओळखू यायला हवं. व्यक्तिचित्राचं काम नेमकं उलटं. तिथे हा चेहरा दुसऱ्या कुणाचा वाटता कामा नये. म्हणून तुझ्या नकलेची रीत बदलायला हवी. सध्या तू अख्खं चित्र उतरवतेस. त्याऐवजी चित्राला एकच गोष्ट विचार आणि तिचं उत्तर मिळेपर्यंत तेवढाच तुकडा करत राहा.

हळदणकरांची दिवा घेतलेली बाई घे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर सावंतवाडीला जन्मले, १८८२ साली. म्हणजे तुझ्या-माझ्याच मुलखातला माणूस. ते चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास केलं, समोर त्यांची मुलगी गीता उभी होती. आज ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि कित्येक लोक ते रविवर्म्याचं समजून बघतात. तू केलेली नक्कल दुरून छान दिसते. पण बोटं बघ. दिव्यासमोर आडोशाला धरलेल्या हाताच्या बोटांत उजेड दाखवायला तू वरून पांढरा पोस्टर कलर लावलास आणि त्यावर पिवळा. म्हणून ती बोटं खडूसारखी दिसतात. मूळ चित्र जलरंगातलं आहे. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे खाली राखलेला कागद. त्यावर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, तो वाळला की दुसरा, आणि जिथे सगळ्यात जास्त तेज हवं तिथे कमीत कमी रंग. उजेड कुठे हवा हे पहिला ब्रश टेकवण्याआधी ठरवावं लागतं, नंतर तो आणता येत नाही. अख्ख्या साडीच्या चुण्या करण्यात तुझे चार दिवस गेले असतील. त्या चार दिवसांत फक्त तो हात आठ वेळा कर, तळहाताएवढ्या कागदावर. पाचव्या-सहाव्या वेळी काहीतरी उमगेल.

आत्ता मात्र नको. श्रावणात आपल्याकडे वॉश वाळत नाही, कागद ओल धरतो आणि रंग नको तिथे पसरतो. जलरंग दसऱ्यानंतर काढ. तोवर कोळसा आणि कार्ट्रिज कागद पुरे. कागदाची गुंडाळी तांदळाच्या डब्यावर, चुलीच्या बाजूला ठेव. तुझ्या दोन चित्रांवर बुरशीचे ठिपके आलेच आहेत.

दुसरं, मोबाइलवर चित्र बघून नक्कल करतेस त्याचं. मोबाइलचा उजेड आतून येतो, कागदाला तसा उजेड नसतो. त्याच्याशी बरोबरी करायला गेलीस की सावल्या काळ्याकुट्ट होतात, तुझ्या सातव्या नकलेत झाल्यात तशा. ब्राइटनेस निम्म्याच्या खाली आण, चित्र कृष्णधवल करून शेजारी ठेव आणि आधी फक्त गडद-फिक्याचा हिशेब लाव. आणि घरातल्या जुन्या छापील तसबिरीवरून करशील तेव्हा हे ध्यानात ठेव, की रविवर्म्याची मूळ चित्रं तैलरंगातली. १८९४ साली छापखाना सुरू झाल्यावर ती दगडावरून छापून घरोघरी गेली. तसबिरीत गालावर जे बारीक ठिपके दिसतात ते छपाईचे आहेत, त्यांच्या ब्रशचे नाहीत. मी ते ठिपकेसुद्धा इमानाने उतरवत असे. मूळ बघायचं तर एकदा औंधला जा. सातारा जिल्ह्यातल्या त्या टेकडीवरच्या संग्रहालयात रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत. वही घेऊन जा आणि एकाच चित्रापुढे तासभर उभी राहा, सगळी बघायची घाई करू नकोस.

तू लिहिलंस, "अजून नक्कलच करते म्हणून मैत्रिणी नावं ठेवतात." रुबेन्स १६२८ साली माद्रिदला गेला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, युरोपभर नाव झालेला चित्रकार होता. तिथे त्याने टिशियन या आधीच्या थोर चित्रकाराच्या चित्रांच्या नकला केल्या. आदम आणि ईव्हच्या चित्राची नक्कल करताना त्याने आदमची बसण्याची ढब बदलली आणि झाडावर एक पोपट आणून बसवला. दोन्ही चित्रं आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. मैत्रिणींना हे सांगायलाच हवं असं नाही, तुला ठाऊक असू दे. नकलेच्या मागे मात्र दर वेळी कुणावरून केली ते नाव आणि तारीख लिहीत जा. "हळदणकरांवरून", बस्स. ती विकायची नाही, स्पर्धेला द्यायची नाही.

आता आत्या.

ज्या आठवड्यात हळदणकरांचा हात करशील, त्याच आठवड्यात आत्याला पडवीत बसव आणि तोच प्रश्न तिच्या चेहऱ्याला विचार: उजेड कुठे आहे? ढगाळ दिवशी पडवीत अंगणाच्या बाजूने मऊ उजेड येतो, वरून कौलांची सावली असते. कपाळ अर्धं सावलीत, नाकाचा शेंडा आणि खालचा ओठ उजेडात. असा उजेड स्टुडिओतही सहज मिळत नाही. मे महिन्यात बघशील तर अंगणातल्या तांबड्या मातीवरून ऊन उलटून वर येतं आणि हनुवटीखालची, नाकपुडीखालची सावली चक्क लालसर होते. कपाळावरच्या तुकतुकीत मात्र आकाशाचा निळसरपणा असतो. ट्यूबमधल्या तयार 'स्किन' रंगात यातलं काहीच नाही, म्हणून ती ट्यूब तू आजच कुणाला तरी देऊन टाक. येलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) एवढ्यांत आपल्या माणसांचे बहुतेक चेहरे होतात.

बैठक वीस मिनिटांची ठेव. पहिली दहा मिनिटं डोळे मिटल्यासारखे करून बघ आणि सावलीचा फक्त मोठा आकार घाल. डोळ्याची रेघ काढायची नाही. खाचेतली सावली नीट पडली की माणूस निम्मा ओळखू येतो. मग अंतरं बघ: नाक ते ओठ, ओठ ते हनुवटी, मान किती कलली आहे. डोळा शेवटी. गणपतीच्या शाळेतही तो शेवटीच असतो, पण तिथे तुला तो आधीपासून पाठ असतो. इथे तो पाठ नाही असं समजूनच आत्याकडे बघायचं.

आणि तिचा चष्मा. तुझ्या चित्रात तिने तो काढून ठेवलाय. चष्मा काढल्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंना दाबाच्या दोन खुणा दिसतात, कातडी तिथे जरा फिकी आणि चमकती असते. मी तिला गेल्या शिमग्यात भेटले तेव्हा त्या मला दिसल्या होत्या. तुझ्या चित्रात नाक घासून पुसून गुळगुळीत आहे. तिने चित्र बघून तुला विचारलं म्हणे, "माझा नाक एवढा सरळ आसा काय गो?" ती कौतुक करत नव्हती, बाय. तिला ते आपलं वाटलं नाही. तो प्रश्न कागदाच्या मागे लिहून ठेव.

बाजारातल्या आजींचं चित्र तू जवळून काढलेल्या फोटोवरून केलंस ना? मोबाइल तोंडाजवळ नेला की नाक फुगतं आणि कान मागे पळतात, तुझ्या आजींचे कान दिसतच नाहीत. लिलाव संपून बाजार सैल झाला की जा, त्यांना विचार, शेजारी बस, मासे विकत घे, आणि त्या गिऱ्हाइकाशी बोलत असताना पाच-पाच मिनिटांची रेखाटनं कर. त्या हलतील. हलू देत. नको म्हणाल्या तर वही मिटून परत ये आणि आरशासमोर बस. रेम्ब्रांट या डच चित्रकाराने विशीत आरशात बघून स्वतःची तोंडं वेडीवाकडी करून किती तरी चेहरे केले, हसरा, दचकलेला, रागावलेला. आरशाला वेळ विचारावा लागत नाही.

विसर्जनापर्यंत तुला गणपतीच्या शाळेतून सवड मिळणार नाही, हे मला माहीत आहे. आखणी करताना मन लावून कर, तिथे मात्र प्रत्येक डोळा पाठच असू दे. दसऱ्यानंतर हात आणि आत्या करून झाली की एखाद्या रविवारी सकाळच्या एसटीने इकडे ये. आत्याची तीन चित्रं आण, वेगवेगळ्या दिवशी केलेली, चष्म्याच्या खुणांसकट. जमलं तर आत्यालाही घेऊन ये. चित्रं आणि ती शेजारी-शेजारी बघायची आहेत मला.

तुझी,
चित्रकलेच्या बाई